टोकन टाकायच्या आधी: लांबच्या डीलरकडून जुनी गाडी घेणाऱ्या वाचकांचे प्रश्न

या वेळी टपालात एकाच विषयाचा ढीग आलाय. गाडी लांब कुठल्यातरी डीलरकडे उभी आहे, फोटो झकास आहेत, जायला वेळ नाही आणि बोट टोकनच्या बटणावर आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, तेव्हा ज्यातून बाकीच्यांचंही काम भागेल असे प्रश्न उचललेत. काही पत्रं फार लांब होती, ती छाटली, राग मानू नका.

प्रश्न: नमस्कार दादा, मला पाहिजे होती तीच गाडी, तोच कलर, तेच मॉडेल, सहाशे किलोमीटर लांबच्या एका डीलरकडे सापडली. साइटवर तीसेक फोटो आहेत, गाडी अगदी नव्यासारखी दिसते. डीलर म्हणतो अजून दोन गिऱ्हाईकं लाइनीत आहेत, आज टोकन टाका नाहीतर गाडी गेली समजा. टाकू का?

उत्तर: आज नको. ती दोन गिऱ्हाईकं जुन्या गाड्यांच्या धंद्यात कायमच लाइनीत उभी असतात, कुठल्याही डीलरकडे जा, तीच दोघं. आणि समजा खरी असली तर घेऊ देत गाडी त्यांना, तुमच्या मॉडेलची ती जगातली शेवटची गाडी नाहीये.

आता फोटोंचं. तीस फोटो म्हणजे भरपूर वाटतात, पण कशाकशाचे आहेत ते एकदा बघा. समोरून, बाजूनं, तिरके, डॅशबोर्ड, परत तिरके, अलॉय व्हीलचा क्लोजअप. विकायला काढलेले फोटो आहेत हो ते, गाडी तुमच्या मनात भरवणं एवढंच त्यांचं काम. त्यातून गाडी ओली असेल, नुकतीच धुतलेली नाहीतर पावसात उभी असलेली, तर तो फोटो धरूच नका कारण ओल्या पत्र्यावर बारीक ओरखडे, दोन पॅनलच्या रंगातला फरक, उडालेली चमक यातलं काहीही कळत नाही. तुम्हाला लागतात ते फोटो एकदम रटाळ असतात आणि ते मागूनच घ्यावे लागतात.

चारही टायरच्या तारखा मागा. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि साल, म्हणजे २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. कधीकधी तारखेची बाजू आतल्या अंगाला गेलेली असते, तेव्हा डीलरला जरा वाकावं लागेल, वाकू दे. यातून टायर किती म्हातारे आहेत ते तर कळतंच, पण त्याहून मजेशीर गोष्ट अशी की गाडी वीस हजार चाललीये म्हणणाऱ्याच्या गाडीवर चार वेगवेगळ्या तारखांचे टायर असतील तर पहिले कुठं गेले हा प्रश्न आपोआप उभा राहतो. मग ब्रेक आणि क्लचच्या पेडलचं रबर, स्टीअरिंगची वरची कड, ड्रायव्हर सीटची दाराकडची कड (चढता उतरता तीच घासते), डिक्कीतला कार्पेट उचलून स्टेपनीखालचा खड्डा, आणि बोनेट उघडून समोरचे फेंडर ज्या बोल्टांनी बसवलेत ते बोल्ट. बोल्टाच्या कडेचा रंग उडालेला असेल तर तिथं पाना लागलाय, म्हणजे फेंडर कधीतरी काढलाय. काढणं गुन्हा नाही, पण का काढला ते विचारायला हवं.

सीटबेल्टचा फोटो बहुतेक कुणी मागत नाही. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायला सांगा, पूर्ण, अगदी अडेपर्यंत. गाडी पुरात बुडालेली असेल तर सीट धुतात, कार्पेट बदलतात, अत्तर मारतात, पण पट्ट्याचा गुंडाळलेला शेवटचा भाग बऱ्याचदा विसरतात आणि तिथं चिखलाची रेघ नाहीतर बुरशीचे ठिपके तसेच राहतात. सोबत सीटच्या खालच्या रेल्सवर गंज आहे का तेही बघून घ्या.

हे सगळं आलं की मग लाइव्ह व्हिडिओ कॉल, आधी काढून ठेवलेला व्हिडिओ नाही. कॉल सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ठरवा आणि आधीच बजावून ठेवा की माझा कॉल येईपर्यंत गाडीला सेल्फ मारायचा नाही. कॉल लागला की कॅमेरा मीटरवर धरून चावी नुसती ऑन करायला सांगा, इंजिन चालू नाही करायचं. चेक इंजिन, एबीएस, एअरबॅग सगळे दिवे लागले पाहिजेत. सगळे म्हणजे सगळे. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही तर खूश होऊ नका, तो दिवा दोन चार सेकंद लागून विझणं हेच बरोबर, अजिबात न लागणं म्हणजे कुणीतरी बल्ब काढला असेल किंवा काहीतरी जुगाड केला असेल, आणि असा जुगाड एअरबॅग फुटून परत बसवलीच नाही अशा गाडीत सापडतो. मग सेल्फ. टेंपरेचरचा काटा एकदम खाली असायला हवा, अर्ध्यावर असेल तर गाडी आधीच गरम करून ठेवलीये, कॉल तिथंच थांबवा आणि उद्याची वेळ घ्या. एकजण सायलेन्सरच्या मागं फोन धरून उभा राहू दे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा दाट धूर जो पाच मिनिटांनीसुद्धा थांबत नाही तो कूलंट इंजिनात जात असल्याचा, थंडीत सुरुवातीला दिसणारी पातळ वाफ मात्र नॉर्मल आहे तिला घाबरू नका. पहिल्या दोन सेकंदात खडखड आवाज आला का तेही ऐका, फोनवर आवाज नीट येत नाही हे खरं पण तेवढं कळतं.

आणि आता माझ्या मते सगळ्यात कामाचं. हे सगळं मागितल्यावर डीलर कसा वागतो ते नीट बघा. जो म्हणतो थांबा साहेब दुपारी पाठवतो आणि खरंच पाठवतो, त्याच्या गाडीत खोट निघाली तरी निदान बोलता येतं. जो म्हणतो "एवढं कोण बघतं, विश्वास ठेवा" त्याच्याकडून गाडीबद्दल एक अक्षर कळलं नसलं तरी जे कळायला हवं ते कळलंय. लांबून गाडी घेताना आपल्याला हात लावता येत नाही, वास घेता येत नाही, तेव्हा मागितलेल्या गोष्टीला मिळालेला नकार हीच मोठी माहिती असते. पुढच्या बऱ्याच उत्तरांत मी हेच परत म्हणणार आहे, कंटाळा आला तर येऊ दे.

प्रश्न: डीलरने सगळ्या फोटोत नंबर प्लेट झाकलीय. चेसिस नंबर मागितला तर म्हणाला गाडी बुक केल्यावर देतो. हे बरोबर आहे का?

उत्तर: प्लेट झाकणं समजू शकतो, जाहिरातीत सगळेच झाकतात. चेसिस नंबर खाजगीत विचारल्यावरही न देणं हे काही मला पटत नाही. तो नंबर म्हणजे गाडीची ओळख आहे, त्यावरूनच चोरीची आहे का, कर्जाचा बोजा आहे का, अपघातात निकाली काढलेली आहे का हे त्या त्या देशाच्या सरकारी नोंदीत शोधता येतं. नंबर आला की १७ अक्षरं आहेत का मोजा, आणि त्यात आय, ओ किंवा क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून मुद्दाम ठेवलेली नाहीत, दिसली तर एकतर वाचायला चूक झालीये नाहीतर भानगड आहे. समोरच्या काचेखालचा, दाराच्या खांबावरचा आणि कागदावरचा असे तीन फोटो घ्या, तिन्ही जुळले पाहिजेत.

याच नंबरवर रिकॉल, म्हणजे दोष निघाला म्हणून कंपनीनं गाडी दुरुस्तीला परत बोलावणं, बाकी आहे का तेही बघता येतं आणि हे लोक हमखास विसरतात. टकाटा कंपनीच्या एअरबॅगचं प्रकरण आठवत असेल, त्यातला अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं दमट आणि गरम हवेत राहून खराब व्हायचा आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे उडायचे, माणसं गेली त्यात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, २०१७ मध्ये टकाटाचं दिवाळं निघालं, पण न बदललेल्या एअरबॅगवाल्या गाड्या अजूनही विकल्या जातात. रिकॉलचं काम साधारणपणे कंपनी फुकट करते, गाडी कितव्या मालकाची आहे हे न बघता.

प्रश्न: आठ वर्षं जुनी गाडी, मीटरवर फक्त ३१,००० किलोमीटर. डीलर म्हणतो म्हाताऱ्या गृहस्थांची होती, रविवारी देवळात जायची तेवढीच. मीटर मागे फिरवलाय हे घरबसल्या कसं ओळखायचं?

उत्तर: ते म्हातारे गृहस्थही त्या दोन गिऱ्हाईकांच्याच घरातले असावेत. असो. असे लोक असतातही, आणि त्यांच्या गाड्याही असतात, पण त्याचा माग राहतो.

डिजिटल मीटर आला म्हणजे फिरवता येत नाही असा एक समज आहे, तो काढून टाका, लॅपटॉप लावून आकडा बदलणं जुन्या काट्याच्या मीटरपेक्षा सोपं झालंय. बऱ्याच गाड्यांत तोच आकडा दुसऱ्या एखाद्या कंट्रोल युनिटमध्येही साठलेला असतो आणि फिरवणारा तिथं हात लावायला विसरतो, त्यामुळे कंपनीच्या वर्कशॉपमधलं स्कॅनर लावलं की कधीकधी दोन आकडे दिसतात. पण त्याच्या आधी कागद. सर्व्हिसची बिलं मागा, नुसता शिक्का मारलेलं पुस्तक नको, शिक्के बाजारात मिळतात. बिलावर तारीख आणि त्या दिवशीचं रीडिंग असतं. चार बिलं असली तरी एक रेघ तयार होते आणि मधेच ती खाली आली की झालं.

काही देशांनी हे काम सोपं करून ठेवलंय. बेल्जियममध्ये २००६ पासून कार-पास आहे, जुनी गाडी विकताना गाडीची नोंदलेली सगळी रीडिंग असलेला कागद द्यावाच लागतो. ब्रिटनमध्ये दरवर्षीच्या एमओटी चाचणीत रीडिंग लिहितात आणि गाडीचा नंबर टाकून सरकारी साइटवर कुणालाही फुकट बघता येतं, गेल्या वेळी ब्रेक फेल झाला होता का तेसुद्धा. तुमच्याकडे असं काही असेल तर वापरा. नसेल तर इन्शुरन्सचे जुने कागद, टायर घेतल्याची पावती, ऑइल बदलल्यावर इंजिनपाशी चिकटवलेलं स्टिकर, कुठंही रीडिंग लिहिलेलं सापडतं. स्टिकरवर "पुढचं ऑइल ९०,००० ला" असं असेल आणि मीटर ३१,००० दाखवत असेल तर पुढचं मी सांगायला नको.

एक मात्र. कमी चाललेली म्हणजे चांगली असं नसतं, आठ वर्षांत ३१,००० चाललेली गाडी खरी असली तरी बराच वेळ उभी होती, तेव्हा टायर कडक झालेले असू शकतात, बॅटरी, ब्रेक ऑइल, रबरी पाइप यांचं वय किलोमीटरवर नाही तर वर्षांवर चालतं. त्याचा खर्च धरून ठेवा.

प्रश्न: डीलरच्या गावात माझा मामेभाऊ राहतो. त्याला बघून यायला सांगितलं तर चालेल ना? इन्स्पेक्शनवाले फार पैसे मागतात असं ऐकलं.

उत्तर: मामेभाऊ गाड्यांतला माणूस आहे का? नसेल तर त्याला एकाच कामाला पाठवा, की दुकान खरंच तिथं आहे, गाडी खरंच तिथं उभी आहे, आणि कागदावरचं नाव दुकानाच्या नावाशी जुळतंय. हे काम कमी समजू नका, अर्ध्या फसवणुका इथंच उघड्या पडतात. पण "छान आहे रे, घेऊन टाक" या त्याच्या निरोपावर गाडी घेऊ नका. आणि खराब निघाली तर दर लग्नकार्यात त्याची आठवण निघणार, बिचाऱ्याला कशाला त्यात पाडता.

तपासायला मेकॅनिकच हवा, आणि तो तुम्ही शोधलेला हवा, डीलरनं सुचवलेला "आपलाच माणूस" नको. त्या गावात त्याच कंपनीच्या गाड्यांचं काम करणारं एखादं गॅरेज शोधा, फोन करून सांगा की गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघायचीय आणि फोटोसकट रिपोर्ट थेट मला पाठवायचा. फी डीलरला द्यायची नाही, गॅरेजला द्यायची. दोन गोष्टी मुद्दाम करायला लावा.

पहिली, रंगाची जाडी मोजायचं यंत्र प्रत्येक पॅनलवर फिरवणं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, परत मारलेला असेल तर दोनशे-तीनशे दिसतो आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर आकडा हजाराच्या घरात जातो. एखादं दार रंगवलेलं असणं चालतं, पार्किंगमध्ये घासतातच गाड्या. छप्पर, खांब किंवा चाकाच्या आतल्या बाजूचा मुख्य सांगाडा रंगवलेला असेल तर मात्र मोठा मार बसलाय. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या बोनेटला ॲल्युमिनियम वाचणारं यंत्र लागतं, हे मेकॅनिकला माहीत असतं पण आठवण करून दिलेली बरी.

दुसरी, स्कॅनर. अमेरिकेत १९९६ पासूनच्या सगळ्या गाड्यांना आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना ओबीडी-टूचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं सॉकेट आहे, नंतर बाकीकडेही आलं. आता डीलर हुशार असतो, दाखवायच्या आधी कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड पुसून टाकतो आणि चेक इंजिनचा दिवा विझतो. पण कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही परत पहिल्यापासून सुरू होतात, स्कॅनरवर त्या "अपूर्ण" दिसतात, आणि बऱ्याच गाड्यांत कोड पुसल्यापासून किती किलोमीटर चालली हाही आकडा मिळतो. तो ५ किलोमीटर असेल तर काल संध्याकाळी कुणीतरी पुसलेत. बॅटरी काढली होती असं सांगतील, तेही होऊ शकतं, मग म्हणावं दोन दिवस चालवा आणि परत लावू स्कॅनर.

डीलर म्हणाला की बाहेरचा मेकॅनिक चालत नाही, इन्शुरन्सची अडचण आहे, तर विषय संपला, दुसरी गाडी शोधा. फीचं म्हणाल तर एक गिअरबॉक्स उघडायला लागला की असल्या दहा इन्स्पेक्शनचे पैसे तिथंच जातात.

प्रश्न: गाडी बाजारभावापेक्षा बरीच स्वस्त आहे कारण मालक परदेशी चाललाय असं डीलर म्हणतो. पैसे एका एस्क्रो साइटवर ठेवायचे, गाडी पोचली की मग ते त्याला मिळणार, म्हणजे मी सेफ ना? लिंक त्यांनीच पाठवली आहे. – एक वाचक भगिनी

उत्तर: नाही ताई, सेफ नाही. लिंक त्यांनीच पाठवलीये इथंच उत्तर आहे. एस्क्रो ही पद्धत चांगली आहे, पण ती साइट तुम्ही स्वतः शोधलेली, परवाना तपासलेली हवी. खोटी एस्क्रो साइट, खोटी ट्रान्सपोर्ट कंपनी आणि तिचा खोटा ट्रॅकिंग नंबर हे तिन्ही एकत्रच येतात, रोज गाडी थोडी थोडी जवळ येताना दिसते आणि एक दिवस साइटच बंद.

याहून चलाख प्रकार म्हणजे खऱ्या डीलरच्या साइटची हुबेहूब नक्कल. नाव खरं, पत्ता खरा, गाड्यांचे फोटोही खरे, फक्त फोन नंबर आणि बँक खातं भामट्याचं. म्हणून जाहिरातीतल्या नंबरवर फोन करून खात्री करून घेण्यात काही अर्थ नाही, नंबर दुसरीकडून काढा, नकाशावरून, व्यापारी नोंदणीतून, आणि त्यावर विचारा की ही गाडी तुमच्याकडे आहे का. खातं फर्मच्या नावावरच हवं, "सध्या माझ्या पर्सनल खात्यात टाका, जीएसटीचं जरा बघतोय" असलं काहीही ऐकायचं नाही. टोकन द्यायचंच झालं तर लेखी घ्या की इन्स्पेक्शनमध्ये गाडी नापास झाली तर पूर्ण परत, आणि जमलं तर कार्डनं द्या, कार्डाच्या पैशाबद्दल बँकेकडे तक्रार करता येते, बँक ट्रान्सफर एकदा गेला की गेला. तुमच्या या गाडीबद्दल विचाराल तर मी पुढे मेसेजही करणार नाही.

प्रश्न: जपानहून जुनी गाडी मागवतोय. चेसिस नंबर १७ अक्षरी नाहीच, छोटा आहे आणि मधे डॅश आहे. फसवतायत का?

उत्तर: नाही, वर १७ चं सांगितलं त्याला हा अपवाद. जपानच्या आतल्या बाजारासाठी बनलेल्या गाड्यांना असाच छोटा फ्रेम नंबर असतो, आधी मॉडेलचा कोड, मग डॅश, मग आकडे. जे मागायचं ते ऑक्शन शीट. तिथल्या बऱ्याचशा जुन्या गाड्या लिलावातून जातात आणि लिलावाचा तपासनीस एका कागदावर गाडीचं चित्र काढून खुणा करतो, ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्त केलेला पत्रा ज्यात लाट दिसते, डबल एक्स म्हणजे पॅनल बदललंय, आणि पुढचा आकडा जितका मोठा तितका प्रकार मोठा. तपासनीस गाडीला एकूण ग्रेडही देतो, त्या ग्रेडच्या जागी आर किंवा आरए असेल तर गाडी अपघातातून दुरुस्त झालेली. डीलरनं पाठवलेल्या शीटवर ग्रेड खोडून बदललेली असू शकते, म्हणून फ्रेम नंबरवरून शीट दुसऱ्या सेवेकडून स्वतंत्र काढून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

प्रश्न: जुनी इलेक्ट्रिक गाडी लांबून घेणं किती रिस्की?

उत्तर: इंजिनापेक्षा सोपं, कारण सगळा जीव बॅटरीत आहे आणि बॅटरी मोजता येते. फुल चार्जवर दिसणाऱ्या रेंजच्या आकड्यावर जाऊ नका, तो आधीच्या ड्रायव्हरनं कसं चालवलं त्यावर हलतो. स्टेट ऑफ हेल्थचा, म्हणजे नवी होती त्या मानानं बॅटरीची क्षमता किती उरलीये याचा रिपोर्ट मागा. निसान लीफच्या जुन्या गाड्यांत तर मीटरवरच १२ पट्ट्या असतात, किती उरल्यात ते फोटोत मोजता येतं, आणि त्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नसल्यानं गरम हवेच्या ठिकाणी वापरलेली गाडी लवकर पट्ट्या गमावते. बऱ्याच कंपन्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर वॉरंटी देतात, यातलं जे आधी होईल ते, पण गाडी दुसऱ्या देशात गेली तर ती लागू राहते का हे कंपनीलाच लेखी विचारा.

प्रश्न: ऑनलाइन घेतलेली गाडी आवडली नाही तर परत करता येते का, चपला परत करतो तशी?

उत्तर: कुठं राहता त्यावर आहे. युरोपियन युनियनमध्ये आणि ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याकडून पूर्णपणे लांबून केलेल्या खरेदीला गाडी हातात आल्यापासून १४ दिवस असतात, कारण न देता परत करता येते, मात्र फिरवून आणलीत तर घसारा कापू शकतात आणि परत पाठवायचा खर्चही तुमच्यावर येऊ शकतो. दुकानात जाऊन सही केलीत तर ही सवलत गेली, आणि खाजगी विक्रेत्याला तर ती लागूच नाही. अमेरिकेत देशभर लागू असा कुठलाही नियम नाही, तिथं डीलरनं गाडीवर लावलेल्या कागदावर "आहे त्या स्थितीत" असं असेल तर पुढची दुरुस्ती तुमचीच. डीलर स्वतःहून सात दिवसांची हमी देत असेल तर चांगलंच आहे, पण किती किलोमीटरपर्यंत, पैसे किती दिवसांत, गाडी नेऊन कोण देणार हे त्यात लिहिलेलं असू द्या.

प्रश्न: कॅरिअरवाला रात्री साडेदहाला गाडी घेऊन आला, अंधारात सही घेतली आणि गेला. सकाळी बघतो तर मागच्या बंपरला मोठा ओरखडा. आता?

उत्तर: आता अवघड आहे, कारण त्या कागदावर तुम्ही गाडी सुस्थितीत मिळाली असं लिहून दिलंय. तरी आजच्या आज फोटोसकट कॅरिअर कंपनी आणि डीलर दोघांना लेखी कळवा, चढवतानाचे फोटो मागा. चढवताना बंपर साफ दिसत असेल तर तुमची बाजू थोडी उभी राहते.

बाकीच्यांसाठी, ट्रक दारात आला की ड्रायव्हर घाई करतोच, त्याला पुढं जायचं असतं, त्याचं काही चुकत नाही. तुम्ही टॉर्च घेऊन सावकाश गाडीभोवती फिरा, छपरावरही बघा (वरच्या मजल्यावरच्या गाडीचं ऑइल खालच्या गाडीवर टपकतं), जे दिसेल ते त्याच्याच कागदावर लिहा आणि मग सही. फारच अंधार असेल तर "अंधारात तपासता आली नाही" एवढं वाक्य तरी लिहा. आणि वाटेतल्या नुकसानीचा विमा कुणाचा, डीलरचा की कॅरिअरचा, हे गाडी चढायच्या आधी ठरलेलं हवं.

प्रश्न: मी स्वतः जाऊन गाडी चालवत आणणार आहे, नऊशे किलोमीटर. काही काळजी?

उत्तर: इन्शुरन्स तुमच्या नावावर त्याच दिवशीपासून सुरू झालेला असू दे, तात्पुरत्या नोंदणीचा कागद जवळ ठेवा, हे झालं कागदाचं. गाडीचं म्हणाल तर इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात हलवायला टायमिंग बेल्ट आहे की चेन ते आधी विचारा. बेल्ट असेल आणि बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा, डीलरच्या "झालंय ते काम" यावर नऊशे किलोमीटर जाऊ नका, कारण बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग इंजिनच उघडावं लागतं. शंका असेल तर तिथल्याच गॅरेजमध्ये बदलून घ्या आणि दुसऱ्या दिवशी निघा. निघाल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरला थांबा, इंजिन थोडं थंड होऊ द्या, ऑइलची दांडी काढून बघा, गाडीखाली काही टपकतंय का बघा. टेंपरेचरचा काटा मधे असला की मग जरा गाणी लावायला हरकत नाही. टायरच्या तारखा जुन्या निघाल्या असतील तर मात्र हायवेला ताशी ८० च्या वर जाऊ नका, आणि रात्रीचा प्रवास टाळा, नव्या हातातल्या गाडीचे दिवे कुठं पडतात हे अजून तुम्हाला माहीत नसतं.